कौटिलीयांतील ‘क्षार’ आणि भेसळीचा दंड

कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणांत ‘वैदेहकरक्षण’, म्हणजे व्यापाऱ्यांपासून प्रजेचें रक्षण, या विषयाचा एक अध्याय आहे. धान्य, स्नेह, क्षार, लवण, गंध व भैषज्य या सहा प्रकारच्या मालांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणारास तेथें १२ पण दंड सांगितला आहे. यांतील ‘क्षार’ म्हणजे काय, एवढाच प्रश्न आम्ही विचारास घेतला आहे. प्रश्न एका शब्दाचा खरा. परंतु गूळसाखरेच्या भेसळीस कौटिल्यानें दंड ठेविला होता कीं नाहीं, हें त्यावरच अवलंबून आहे.

तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या इंग्रजी भाषांतरांत या स्थळीं ‘क्षार’ म्हणजे अल्कली, असा अर्थ आहे. आम्हीही अध्यापनकाळीं पुष्कळ वर्षें तोच अर्थ सांगत आलों. शब्द ओळखीचा, म्हणून शंकाच आली नाहीं.

परंतु ग्रंथकारानें आपला अर्थ स्वतःच सांगून ठेविला आहे. दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणीं फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा या पांचांस त्यानें क्षारवर्ग म्हटलें आहे. उलट यवक्षार, जो खरोखरीचा क्षार, तो सैंधवादिकांबरोबर लवणवर्गांत घातला आहे. तेव्हां दंडाच्या यादींत ‘लवण’ निराळें असतां ‘क्षार’ म्हणजे पुनः खारच, असें म्हणतां येत नाहीं.

दुसरें प्रमाण याज्ञवल्क्यस्मृतीचें. तिच्या व्यवहाराध्यायांत भेषज, स्नेह, लवण, गंध, धान्य व गुड इत्यादि मालांत हीन द्रव्य घालणारास १६ पण दंड आहे. दोन्ही याद्या शेजारीं ठेवाव्या. पांच पदें जुळतात, आणि क्षाराच्या जागीं गुड येतो. हा अर्थ आम्हीच प्रथम काढिला असें नव्हे. परंतु दोन्ही प्रमाणें एकत्र पाहिल्यावर संशय उरत नाहीं.

भेसळीहून निराळा अपराध खोट्या नांवाचा. हलका माल भारी म्हणून, किंवा एके ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकल्यास, माल एका पणाहून कमी किंमतीचा असतां ५४ पण, एका पणाचा असतां दुप्पट, व दोन पणांचा असतां २०० पण दंड आहे. अमेरिकेच्या ३० जून १९०६ च्या अन्नौषधिविषयक कायद्यांतही भेसळ व खोटें नांव हे दोन अपराध वेगळे धरिले होते. आणि मक्याच्या ग्लुकोजपाकास कोणतें नांव द्यावें, यावर तेथें १९०८ सालीं सरकारास निर्णय द्यावा लागला.

येथें दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. मध हा कौटिल्यानें क्षारवर्गांत न घालतां निराळा सांगितला आहे. म्हणून १२ पणांचा नियम त्यास लागू होता, असें आम्ही म्हणत नाहीं. दुसरें असें कीं, शास्त्रांत दंड लिहिला म्हणून तो वसूल झाला, असें ठरत नाहीं. शास्त्र हें शास्त्र, दफ्तर हें दफ्तर. करितां ज्यांच्या संग्रहीं पेठांचे किंवा कोतवालीचे जुने कागद असतील, त्यांनीं त्यांत गूळसाखरेच्या भेसळीबद्दल गुन्हेगारी घेतल्याची नोंद आढळल्यास ती मूळ बरहुकूम प्रसिद्ध करावी, अशी आमची विनंती आहे. अशी एक ओळ सांपडली, तरी या विषयांत तिचें मोल आमच्या सगळ्या शब्दचर्चेहून अधिक ठरेल.