कार्ड, चिठ्ठी आणि नोंद

१८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले. किंमत पाव आणा. पाकिटाला अर्धा आणा पडत असे, म्हणजे निम्म्या पैशात काम होई. मात्र मजकूर उघडा. हा सौदा लोकांनी समजूनउमजून केला. पोस्टमन वाचणार, वाड्यातले चार जण वाचणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. म्हणून कार्डावर खुशाली, आणि लग्नातल्या देण्याघेण्याची बोलणी बंद पाकिटात. निधनाची बातमी आणणारे कार्ड तर वाचून तिथेच फाडून टाकत, ते घरात ठेवत नसत. मजकूर उघडा होता, पण तो किती काळ टिकवायचा हे ज्याला पत्र आले त्याच्या हाती होते. खासगीपणाचा इतिहास लिहिताना आपण ‘कोण वाचत होते’ एवढेच विचारतो. ‘किती दिवस जपून ठेवत होते’ हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

तार आणि ट्रंक कॉल यांत मध्ये माणूस बसलेला होता. तारमास्तर शब्द मोजता मोजता मजकूर वाचायचाच. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला, तसाच फितूर कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेचा धाकही घातला. पुढे एसटीडी आले आणि मधला माणूस गेला. पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये काचेचे दार ओढून घेतले की बोलणे आपले, असे वाटू लागले. पण बोलणे संपताच बाहेरच्या यंत्रातून करकर करत कागदाची पट्टी निघायची. लावलेला नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद, किती पैसे. ग्राहक पैसे ताडून पाहायचा आणि चिठ्ठी चुरगळून टाकायचा. काय बोललो ते यंत्राला कळले नव्हते. कोणाशी, कधी आणि किती वेळ, हे मात्र त्याने न विसरता छापले होते. कान देणाऱ्या माणसाची जागा नोंद ठेवणाऱ्या यंत्राने घेतली ती इथे, आणि ती आपल्याला हिशेबाची सोय वाटली.

मोबाइलने ती चिठ्ठी ग्राहकाच्या हातातून काढून कंपनीकडे ठेवली आणि तिच्यात टॉवरची भर घातली. परवान्याच्या अटीत डिसेंबर २०२१ मध्ये बदल झाला, तेव्हापासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. महिनाभराच्या नोंदीवरून माणूस रात्री कुठे असतो, कोणत्या दवाखान्याच्या परिसरात वारंवार जातो याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी एक शब्दही ऐकावा लागत नाही.

चाळीत तरी कुठे काय लपून राहत होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण शेजारणीला आपले जेवढे माहीत, तेवढे तिचेही आपल्याला माहीत असे. शिवाय माणसे विसरत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: याच नोंदींमुळे गुन्हेगार सापडतात. सापडतात, आणि तपासाला त्या मिळाल्याच पाहिजेत. परंतु फोन ऐकण्याच्या बाबतीतही हीच गरज होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला बांध घातला: गृहसचिवांच्या पातळीवरचा हुकूम, दोन महिन्यांची मुदत, फार तर सहा महिने, आणि वर पुनर्विलोकन समिती. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. असे असूनही २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकते.

आपली नोंद कोणी मागितली आणि केव्हा पुसली, हे तपासाला बाध येणार नाही अशा बेताने, उशिरा का होईना, ग्राहकाला कळवण्याची सक्ती कायद्यात आली पाहिजे. बूथवर निदान ती चिठ्ठी आपल्या हातात तरी पडत होती.