सालबाईच्या तहांतील फरासिसांचें कलम

सालबाईच्या तहाची हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. ता. १७ मे १७८२ रोजीं महादजी शिंदे व इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांनीं ग्वाल्हेर प्रांतीं सालबाई मुक्कामीं हा तह ठरविला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, रघुनाथरावांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक ठरली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु याच तहांत आणखी एक कलम आहे. पोर्तुगीजांच्या पूर्वीपासूनच्या वखारी खेरीजकरून दुसऱ्या कोणत्याही युरोपियन राष्ट्रास पेशव्यांनीं आपल्या मुलखांत वखार घालूं देऊं नये, व तशा राष्ट्राशीं स्नेहाचें दळणवळण ठेवूं नये, असा त्याचा आशय. शब्द सामान्य आहेत, पण रोंख फरासिसांवर आहे हें उघड आहे. रघुनाथरावांच्या गृहकलहापासून व साष्टीच्या वादापासून निघालेल्या युद्धाच्या तहांत हें कलम कोठून आलें, एवढाच प्रश्न या लेखांत घ्यावयाचा आहे.

महासत्ता हा शब्द अलीकडचा आहे. वस्तु मात्र जुनी आहे. इ. स. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें फ्रान्सचा कानडा देश गेला व हिंदुस्थानांतील वर्चस्वाची आशाही मावळली. तेव्हांपासून त्या अपयशाचा वचपा काढण्याची संधि फ्रान्सचे मंत्री शोधीत होते. इ. स. १७७५ त अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचललें, आणि ती संधि चालून आली. त्याच वर्षीं ता. ६ मार्च रोजीं रघुनाथरावांनीं मुंबईकर इंग्रजांशीं सुरतेचा तह केला होता. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता. तो पुढें जडला.

फ्रान्सचा आरमारमंत्री सार्तीन यानें पाठविलेला सेंट ल्यूबिन हा वकील इ. स. १७७७ त चौलास उतरून पुण्यास आला. पुरंदरचा तह होऊन वर्षच लोटलें होतें, व मुंबईकर तो मनापासून पाळीत नव्हते. अशा वेळीं फरासीस राजाच्या नांवानें आलेल्या वकिलाचा नाना फडणिसांनीं सत्कार केला, यांत नवल नाहीं. वकिलानें गोरी फौज, दारूगोळा व कवायतीची शिकवण देण्याच्या गोष्टी बोलल्या. चौल बंदर फरासिसांस मिळणार, अशी वार्ता मुंबईस पोंचली.

वस्तुतः यांतून निष्पन्न काय झालें? फौज आली नाहीं, फरासिसांची वखारही उभी राहिली नाहीं, आणि इ. स. १७७८ त नानांनीं वकिलास निरोप दिला. यावरून सेंट ल्यूबिनचें प्रकरण पोकळ होतें असें म्हणून तें सोडून देण्याकडे प्रवृत्ति होते. आमचें मत निराळें आहे. हा वकील एकही शिपाई न आणतां मराठ्यांच्या राज्यावर एक फौज घेऊन आला. ती फौज मात्र फरासिसांची नसून इंग्रजांची होती.

पुण्यास फरासिसांचें बस्तान बसत आहे या भयानेंच कलकत्त्याच्या कौन्सिलांत वॉरन हेस्टिंग्जच्या पक्षास जोर आला. मुंबईकरांच्या साहाय्यार्थ बंगाल्याची फौज खुष्कीच्या मार्गानें पाठविण्याचें ठरलें, व इ. स. १७७८ त कर्नल लेस्ली काल्पीजवळ यमुना उतरून बुंदेलखंडांत शिरला. इकडे साराटोगा येथें ता. १७ आक्टोबर १७७७ रोजीं जनरल बर्गोयन यानें अमेरिकनांस शस्त्रें खालीं ठेवून दिलीं होतीं, आणि ता. ६ फेब्रुवारी १७७८ रोजीं फ्रान्सनें अमेरिकनांशीं तह केला होता. साराटोग्याची बातमी कलकत्त्यास आली तेव्हां, फौज परत बोलवावी, बंगाल्याचें रक्षण आधीं, असें फ्रान्सिसप्रभृति सभासदांचें म्हणणें पडलें. हेस्टिंग्जनें उलट मत दिलें. पश्चिमेकडे इंग्लंडचें नुकसान झालें असेल तर तें पूर्वेकडे भरून काढणें हें येथल्या अधिकाऱ्यांचें अधिकच कर्तव्य आहे, असा त्याच्या बोलण्याचा इत्यर्थ होता. फौज पुढें चालली. अमेरिकेंतील एका पराभवाचा धक्का नर्मदेच्या तीरावर बसला तो असा.

फ्रान्सशीं युद्ध जुंपल्याचें वर्तमान मिसर देशच्या मार्गानें जुलै १७७८ त कलकत्त्यास आलें, व लागलीच चंद्रनगर इंग्रजांनीं घेतलें. आक्टोबरांत पांडिचेरी पडली. पुढें मार्च १७७९ त माही घेतली, तेव्हां हैदरअल्ली खवळला. कारण माहीच्या बंदरांतून त्याची युद्धसामग्री येत असे. मध्यंतरीं जानेवारी १७७९ त मुंबईकरांची फौज वडगांवीं कोंडली जाऊन तिनें नामुष्कीचा करार करून दिला. तथापि लेस्लीच्या मागून सेनापति झालेला गॉडर्ड फेब्रुवारी अखेर सुरतेस पोंचला, आणि वडगांवचा करार इंग्रजांनीं मोडला. ही फौज आली नसती तर वडगांवच्या विजयानें युद्ध तेथेंच संपण्याचा संभव पुष्कळ होता.

यानंतर नानांनीं हैदर, निजाम व नागपूरकर भोंसले यांस एकत्र गुंफून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभारली. जुलै १७८० त हैदर कर्नाटकांत उतरला, व सप्टेंबरांत कर्नल बेलीची पलटणें त्यानें बुडविलीं. फ्रान्सचें आरमार मात्र सुफ्रेनच्या हाताखालीं कारोमांडलच्या किनाऱ्यास फेब्रुवारी १७८२ त दिसलें. म्हणजे ज्या साहाय्याची बोलणीं पुण्यास इ. स. १७७७ त झालीं तें पूर्व किनाऱ्यास पांच वर्षांनीं आलें, आणि तेंही हैदराच्या उपयोगीं. तीन महिन्यांनीं सालबाईचा तह झाला. फरासिसांचें आरमार समुद्रांत असतां इंग्रज मराठ्यांशीं तह करीत होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या कलमाचा उगम वेगळा सांगावा लागत नाहीं.

नाना तहावर मोहोर करण्यास विलंब लावीत होते, यासही हेंच कारण. हैदर व फरासीस यांचा पेंच इंग्रजांच्या गळ्याशीं असेतों जें अधिक मिळेल तें मिळवावें, हा त्यांचा हेतु दिसतो. परंतु ता. ७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर वारला, व त्याच महिन्यांत नानांनीं तह मान्य केला. पुढें मार्च १७८३ त बुसी फौजेसह किनाऱ्यास उतरला. पण ता. २० जानेवारी १७८३ रोजींच व्हर्साय येथें फ्रान्स व इंग्लंड यांचा प्राथमिक तह झालेला होता! ती वार्ता येतांच मंगळूरच्या वेढ्यांतून फरासीस निघून गेले, व टिपूस एकट्यानेंच निभावावें लागलें. फ्रान्सला आपलीं ठाणीं परत मिळालीं. मित्रांस त्या तहांत कांहींच मिळालें नाहीं.

यावरून आम्हांस निष्पन्न दिसतें तें असें. बलाढ्य राष्ट्राचें दूरचें धोरण लहान दरबारांवर परिणाम करितें, तें बहुधा त्याच्या फौजेच्या द्वारां नव्हे, तर तें जी आशा व जें भय उत्पन्न करितें त्यांच्या द्वारां. आशा पुण्यास उत्पन्न झाली, भय कलकत्त्यास. आशा फळली नाहीं, भयानें मात्र फौज चालविली. आणि भयाचें कारण गेल्यावरही तें तहनाम्यांत लिहिलेलें राहतें. ता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहांत इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियनांस पेशव्यांनीं चाकरीस ठेवूं नये अशी अट आहे. ती सालबाईच्या कलमाचीच वाढ समजावी. परराष्ट्रांशीं स्वतंत्रपणें बोलण्याचा जो हक्क इ. स. १८०२ त सर्वस्वीं गेला, त्याचा पहिला तुकडा सालबाईस गेला.

आतां संग्राहकांस दोन शब्द. जुने रुमाल सोडतांना नामांकित पुरुषांचीं पत्रें तेवढीं वेगळीं काढावीं व अखबारांच्या चिटोऱ्या, बंदरच्या कारकुनांच्या यादी, जहाजें आल्यागेल्याचे लेख बाजूस टाकावे, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. परंतु वर सांगितलेली आशा व भय यांचा माग याच किरकोळ कागदांत लागतो. चौलास अमुक टोपीकर उतरला, फरासिसांचीं इतकीं जहाजें आलीं, असें एखादें वाक्य ज्या पत्रांत आहे त्यास तिथि असून सन नसला, तरी युरोपांतील निश्चित तारखांशीं ताडून त्याचें वर्ष पुष्कळदां ठरवितां येतें. आणि वर्ष ठरलें म्हणजे पुण्यास कोणती गोष्ट केव्हां कळली होती हेंही ठरतें. नानांनीं वेळ ओळखली कीं गमावली, याचा निवाडा त्यावरच अवलंबून आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते चिटोरें म्हणून टाकूं नयेत, व शक्य तर त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.