कार्ल्याचे लेख आणि वर्गांतील प्रश्न

मावळांतील शाळेंत कार्ल्याचें लेणें कोणीं कोरविलें असें विचारिल्यास “वैजयंतीच्या भूतपाल शेठीनें” हें उत्तर मिळण्याजोगें आहे. पुस्तकांतलें म्हणून त्यास पूर्ण गुणहि मिळतील. परंतु ह्या प्रश्नानें विद्यार्थ्याची स्मृति तेवढी कळते, बुद्धि कळत नाहीं. लोणावळ्यानजीकच्या त्याच डोंगरावर याहून सरस प्रश्न दगडांत कोरलेले आहेत.

भूतपालाच्या लेखांत शैलगृह पुरें केलें असें आहे, आरंभिलें असें नाहीं. चैत्यगृहांत खांब ३७, आणि कित्येकांवर निराळ्याच दात्यांचीं नांवें. त्यांत धेनुकाकटाचे यवनहि आहेत. मग भूतपालानें पुरें केलें तें नक्की काय? शिवाय हें लेणें जंबुद्वीपांत उत्तम, असें सांगणारा कोण? स्वतः दाताच! एवढें मुलाच्या लक्षांत आलें, म्हणजे अस्सल लेखांतीलहि सर्व विधानें सारख्या वजनाचीं नसतात हें त्यास वेगळें शिकवावें लागत नाहीं. (दप्तरें धुंडाळणाऱ्या आम्हां मंडळींसहि हा धडा वरचेवर गिरवावा लागतो.)

मावळच्या मुलांस अधिक जवळचा प्रश्न पुढें आहे. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक लेण्यांतील भिक्षूंस करजिक गांव दिला. पुढें सातवाहन राजाची आज्ञा मामाड येथील अमात्यास झाली, तींत मामालाहारांतील करजक गांव भिक्षूंस दिल्याचें आहे. मामाल म्हणजे आपलें मावळ. राजाचें नांव मात्र लेखाचा आरंभ झिजल्यानें गेलें आहे.

येथें गुरुजींनीं उत्तर सांगण्याची घाई करूं नये. करजिक व करजक हे एकच गांव कशावरून? आम्हांस एकच वाटतें, कारण दोन्ही लेखांत वलूरकाचेच भिक्षु आहेत. परंतु कोणी मुलगी एका स्वरावर अडून बसली, तर तिला कारण विचारावें, गप्प करूं नये. गांव एकच मानला, तर जेत्यानें पराभूताचें दान पुन्हां कां द्यावें? १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं सुमारें १३ हजार नाणीं सांपडलीं. पैकीं ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा मारलेला आहे. शत्रूचें नाणें मोडीत न घालतां त्यावरच आपली मुद्रा उठवावी, तसेंच हें दान असेल काय?

आमच्या मतें साम्य येथें पुरतें जुळत नाहीं. उषवदाताचें दान चारी दिशांच्या संघास होतें. नव्या आज्ञेंत महासांघिक निकायाचें नांव आलें आहे. गांव तोच राहिला, तरी घेणारे बदलले. कोणाच्या विनंतीवरून, हें विद्यार्थ्यांस विचारावें, आणि त्यांस लेखाचें वाचन स्वतः उतरून घेऊं द्यावें.