किंगरीची करवंटी आणि व्हायोलिनचा 'आत्मा'

खानदेशातील खेड्यापाड्यांत दारोदार फिरणाऱ्या नाथजोग्याची किंगरी जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या पिढीच्या कानांत अजून असेल. करवंटीवर ताणलेले चामडे, त्यावर टेकलेली छोटी घोडी, घोडीवरून गेलेली तार आणि घोड्याच्या केसांचा गज, एवढाच तिचा संसार. गज ही युक्ती मध्य आशियातील घोडेस्वार लोकांकडून सुमारे हजार वर्षांपूर्वी सर्वत्र पसरली, असे मानतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिलेल्या मुलांना हे नाते चटकन पटेल. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत आकाराला आलेले व्हायोलिन याच कुळातले.

या वाद्यांचा आवाज येतो कोठून? 'पोकळ पेटी तारेचा आवाज वाढवते' असे सांगून आपण शिक्षक मोकळे होतो. पण पेटीकडे स्वतःची ऊर्जा कोठे असते? आमच्या मते या प्रश्नाचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

पहिला टप्पा तारेचा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कंप पावणारी तार पाहिली आणि १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. राळ लावलेला गज तारेला चिकटून तिला ओढतो, ती निसटते, पुन्हा चिकटते. तारेवर एक 'कोपरा' सतत धावत राहतो. ४४० हर्ट्झच्या तारेवर त्याच्या सेकंदाला ४४० फेऱ्या होतात. पण बारीक तार हवेला ढकलू शकत नाही; हवा तिच्या कडेने निसटून जाते.

दुसरा टप्पा पेटीचा. तारेमुळे व्हायोलिनची घोडी डावी-उजवीकडे डुलते. एक पाय फळीला खाली दाबतो तेव्हा दुसरा वर उचलतो. फळीची एक बाजू हवा ढकलणार आणि दुसरी ओढणार. म्हणजे दोन्हींची वजावट! ती टाळण्यासाठी एका पायाजवळ, पेटीच्या आत, वरच्या व खालच्या फळीमध्ये एक लाकडी टेकू असतो. तो डिंकाने चिकटवलेला नसतो, केवळ दाबाने उभा राहतो. तो त्या पायाला आवरतो आणि कंपने खालच्या फळीला पोचवतो. दुसरा पाय मोकळेपणाने हलतो आणि त्याच्या बाजूला आतून चिकटवलेली लांब पट्टी ती हालचाल फळीभर पसरवते. फ्रेंच भाषेत या टेकूला 'आत्मा' म्हणतात. वरच्या फळीतील दोन छिद्रांमुळे पेटीतील हवाही २७०-२८० हर्ट्झच्या आसपास साथ देते.

तिसरा टप्पा आपल्याच देशातला. चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्यात अर्थखात्यात नोकरी करत असतानाच फावल्या वेळात ध्वनीवर संशोधन करत. गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवरचा त्यांचा प्रबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२०च्या सुमारास त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच बनवले. त्यात गज स्थिर असे आणि व्हायोलिन पुढेमागे सरके. सूर टिकवायला गजाचा किती दाब लागतो, हे त्यांनी मोजले. ज्या स्वरांना पेटी जोराने कंप पावते, तेथे अधिक दाब लागतो असे दिसले. पेटी तारेकडून जास्त ऊर्जा घेते, म्हणून गजाला ती भरून द्यावी लागते. म्हणजे तार पेटीला हलवते, तशी पेटीही तारेवर परिणाम करते.

हा हिशोब शाळेतही पडताळता येतो. नादकाटा आपटून हातात धरा. आवाज क्षीण, पण बराच वेळ टिकतो. त्याची दांडी मेजावर टेकवा. आवाज मोठा होतो, पण लवकर विरतो. मेजाने आवाज 'वाढवला' नाही. काट्याची ऊर्जा हवेला झपाट्याने देऊन टाकली. काटा पुन्हा आपटावा लागतो; व्हायोलिनमध्ये हे काम गज अखंड करत असतो आणि गजामागे वाजवणाऱ्याचा हात असतो. किंगरीची करवंटीही हेच करते. तेव्हा 'पेटी आवाज वाढवते' हे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हातात एक नादकाटा द्यावा, एवढेच आमचे सांगणे.