ब्रह्मदेश मोहिमेतील हवाई साहाय्य

दुसऱ्या महायुद्धात भारत-ब्रह्मदेश सीमेवर लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या भूसेनेला विमानांनी दिलेले साहाय्य (१९४३–४५). यात शत्रूवरील बाँबहल्ले व टेहळणी यांचा अंतर्भाव होत असला, तरी या मोहिमेचे वैशिष्ट्य म्हणजे हवाई रसद होय. वेढल्या गेलेल्या सैन्याचे धान्य, दारूगोळा, औषधे व कुमक यांची गरज विमानांनी भागविता येते आणि त्यामुळे वेढा म्हणजे पराभव हे जुने समीकरण मोडू शकते, हे येथे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रिटिश व भारतीय सैन्याने चिंदविन नदी ओलांडून मणिपूरपर्यंत माघार घेतली. या काळातील जपानी डावपेच साधे आणि परिणामकारक होते. जंगलातून बगल देऊन शत्रूच्या पिछाडीस जावयाचे व त्याचा रस्ता रोखावयाचा. रस्ता तुटला की, मोटारवाहतुकीवर अवलंबून असलेले सैन्य आपण होऊन मागे सरे. १९४३ च्या पूर्वार्धातील आराकानच्या पहिल्या चढाईतही हेच घडले. म्हणून रस्त्याशिवाय जगता येईल अशी सेना उभी करणे, हा चौदाव्या सेनेचा सेनापती विल्यम स्लिम याच्यापुढील खरा प्रश्न होता.

ऑर्ड विंगेट याने फेब्रुवारी १९४३ मध्ये सु. ३,००० सैनिकांसह जपानी पिछाडीस केलेली स्वारी हा या दिशेने झालेला पहिला प्रयोग. या तुकड्यांना सर्व रसद विमानांतून टाकण्यात आली. लष्करी फलनिष्पत्ती बेताचीच होती आणि सु. एक तृतीयांश सैनिक परतले नाहीत. विमाने रसद टाकू शकत होती. परंतु जखमींना उचलून नेण्याची सोय नव्हती व चालू न शकणाऱ्यांना वाटेतच सोडावे लागले. पुढील वर्षी ही उणीव भरून काढण्यात आली. मार्च १९४४ मध्ये ग्लायडर व डकोटा विमानांनी सु. ९,००० सैनिक खेचरांसह शत्रूच्या पिछाडीस उतरविण्यात आले आणि जखमींना आणण्यासाठी लहान हलकी विमाने ठेवण्यात आली. एप्रिल १९४४ मध्ये याच क्षेत्रात एका अमेरिकन हेलिकॉप्टरने जखमींची सुटका केली. युद्धक्षेत्रातील हेलिकॉप्टरचा असा हा पहिलाच उपयोग होय. विंगेट मात्र २४ मार्च १९४४ रोजी मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून मरण पावला.

नव्या पद्धतीची कसोटी फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानमध्ये लागली. जपान्यांनी नेहमीप्रमाणे बगल देऊन सातव्या भारतीय डिव्हिजनच्या पिछाडीचे रस्ते तोडले आणि सिंझवेया येथील तिच्या व्यवस्थापन तळास वेढा घातला. या वेळी सैन्यास मागे न सरण्याचा हुकूम होता. त्याची बांधाबांध आधीच झालेली होती. रसद बांधून तयार होती आणि १९४३ च्या अखेरीस आलेल्या स्पिटफायर विमानांनी जपानी लढाऊ विमानांचा जोर मोडण्यास सुरुवात केली होती. तरीही पहिल्या फेरीत काही डकोटा विमानांना परत फिरावे लागले. तेव्हा वाहतूक विमानदलाचा अमेरिकन प्रमुख विल्यम ओल्ड याने स्वतः विमान चालवून रसद पोहोचविली. सु. ७१४ फेऱ्यांत सु. २,३०० टन सामान टाकण्यात आले. लवकर विजय मिळेल या भरवशावर अपुऱ्या शिध्यानिशी आलेल्या जपान्यांनाच अखेरीस माघार घ्यावी लागली.

८ मार्च १९४४ रोजी जनरल मुतागुची याच्या तीन डिव्हिजनांनी इंफाळ-कोहिमावर चढाई सुरू केली. तिचा वेग व कोहिमाच्या रोखाने आलेले बळ यांचा अंदाज ब्रिटिश सेनानींना आला नव्हता. पाचवी भारतीय डिव्हिजन त्या वेळी आराकानमध्ये लढत होती. तिला मणिपूरमध्ये आणण्यास पुरेशी विमाने नव्हती. सरसेनापती माउंटबॅटन याने हिमालयावरून चीनला रसद नेणारी विमाने, तसा अधिकार नसताना, या कामी वळविली व वॉशिंग्टनची संमती मागाहून मिळविली. १९ मार्चपासून ही डिव्हिजन तोफा, जीपगाड्या व खेचरे यांसह इंफाळ व दिमापूर येथे उतरू लागली. एका रणक्षेत्रात गुंतलेली संपूर्ण डिव्हिजन विमानांनी थेट दुसऱ्या रणक्षेत्रात नेल्याचा असा दाखला तत्पूर्वी नव्हता. हा निर्णय काही दिवस लांबता, तर दिमापूरचे रेल्वेस्थानक व त्याबरोबर आसामातील सर्व साठे धोक्यात आले असते.

२९ मार्च रोजी इंफाळ-कोहिमा रस्ता तुटला. इंफाळच्या मैदानात सु. दीड लाख लोक अडकले. मैदानात सहा धावपट्ट्या होत्या. त्यांपैकी इंफाळ व पालेल येथील पट्ट्या पावसाळ्यातही वापरण्याजोग्या होत्या. पालेलच्या धावपट्टीवर आझाद हिंद सेनेच्या गांधी ब्रिगेडनेही छापा घातला, यावरून तिचे मोल ध्यानात येते. वेढ्याच्या काळात विमानांनी सु. १९,००० टन सामान व १२,००० वर सैनिक आत आणले, तर सु. १३,००० जखमी व आजारी आणि ४३,००० बिनलढाऊ माणसे बाहेर नेली. आकडे नेहमी आणलेल्या मालाचे सांगितले जातात. परंतु खाणारी तोंडे कमी करण्याचा हा उपायही तितकाच निर्णायक होता. सैनिकांचा शिधा तरीही घटवावा लागला. डोंगरांवर साचलेल्या पावसाळी ढगांतून वैमानिकांना दिवसातून अनेक फेऱ्या कराव्या लागत. २२ जून रोजी रस्ता खुला झाला.

या साहाय्याला मर्यादाही होत्या व त्या संगशाक येथे तीव्रतेने जाणवल्या. मार्चच्या अखेरच्या पंधरवड्यात तेथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढत होती. ठाणे अत्यंत आटोपशीर, पाण्याचा अभाव आणि सभोवार जपानी. विमानांतून टाकलेले बरेचसे सामान शत्रूच्या हाती पडले. २६ मार्चच्या रात्री या सैन्याला ठाणे सोडावे लागले. पण त्याच्या झुंजीमुळे जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले होते. कोहिमाच्या चिंचोळ्या टेकडीवरही काही हवाई छत्र्या शत्रूकडे वाहत गेल्या.

हवाई छत्र्यांचा तुटवडा हा आणखी एक अडथळा. रेशमी छत्र्या पुरेशा मिळेनात, तेव्हा स्लिमने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. नेहमीच्या छत्रीस वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तर हिला एका पौंडाच्या आसपास. माणसांसाठी ती निरुपयोगी होती; सामानासाठी मात्र उत्तम ठरली. तांदूळ व चारा दुहेरी पोत्यांत भरून छत्रीविनाच टाकीत.

प्रत्यक्ष लढाईत बाँबफेकी विमानांचा उपयोग जंगलामुळे अवघड होता. डोंगरमाथ्यावरील जपानी खंदक वैमानिकास दिसत नसत. ते धुराच्या गोळ्यांनी दाखवावे लागत. पुढे पायदळाबरोबर हवाई दलाचे अधिकारी बिनतारी यंत्रासह देण्यात आले. शेवटचा बाँब टाकल्यावरही विमाने खोटे सूर मारीत, त्यामुळे शत्रू खंदकात दबून राही आणि पायदळास अखेरचे अंतर ओलांडता येई. या कामात भारतीय हवाई दलाचा वाटा मोठा होता. अर्जन सिंग यांच्या पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमाने वेढ्याच्या संपूर्ण काळात इंफाळहून उडत होती. आराकानात मेहर सिंग यांच्या सहाव्या स्क्वॉड्रनने टेहळणीचे काम केले.

जपानी सेनेची स्थिती नेमकी उलट होती. शत्रूचे साठे हस्तगत करून सैन्य पोसावयाचे, हा मुतागुचीचा बेत इंफाळ न पडल्याने कोसळला. अन्नावाचून सैनिक मरू लागले, तेव्हा एकतिसाव्या डिव्हिजनचा सेनापती सातो याने हुकूम मोडून कोहिमाहून माघार घेतली. चिंदविनकडे परतणाऱ्या जपानी सैन्यात भूक व रोग यांनी घेतलेले बळी फार मोठे होते.

१९४५ मध्ये हेच तंत्र चढाईसाठी वापरण्यात आले. मार्चच्या आरंभी मेइक्तिला जिंकणाऱ्या सतराव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड विमानांनीच आणलेली होती. नंतर शहराला वेढा पडला, तेव्हा आणखी एक ब्रिगेड तोफांच्या माऱ्यात धावपट्टीवर उतरली. डकोटाचा किफायतशीर पल्ला सु. ४०० किमी. असल्याने पुढे सरकणाऱ्या सैन्यासाठी नवे विमानतळ लागत. अक्याब व रामरी ही बेटे जानेवारी १९४५ मध्ये मुख्यतः त्यासाठीच घेण्यात आली. मे १९४५ च्या आरंभी रंगून दोस्तांच्या हाती आले.

या मोहिमेचा अनुभव भारताला लवकरच उपयोगी पडला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली पलटण डकोटा विमानांतून श्रीनगरला उतरविण्यात आली. वेढलेल्या पूँछच्या अपुऱ्या धावपट्टीवर आणि २४ मे १९४८ रोजी लेहच्या वाळवंटी पट्टीवर पहिले डकोटा उतरविणारे वैमानिक आराकानचेच मेहर सिंग होते. लेहच्या उड्डाणात त्यांच्यासोबत जनरल थिमय्या बसले होते.