टॉर्कफ्लाइट ७२७ : प्लेटा का जळतात?

क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६२ च्या मॉडेलांबरोबर आला. आधीच्या बिडाच्या आवरणाऐवजी त्याला ॲल्युमिनियमचं आवरण मिळालं आणि वजन बरंच उतरलं. जुन्या डॉज-प्लिमथ गाड्यांखाली तो आजही काम करतो. घरच्या गॅरेजमध्ये उघडून बांधण्याजोगा ऑटोमॅटिक कोणता, असं विचारलं तर मी याचंच नाव घेईन. रचना सरळ आहे, सुटे भाग मिळतात आणि आत इलेक्ट्रॉनिक असं काहीच नाही. तरीही घरी बांधलेले कितीतरी गिअरबॉक्स थोड्याच दिवसांत पुन्हा जळतात, कारण क्लचच्या प्लेटा बदलल्या की काम झालं असं धरलं जातं. प्लेट जळते ती घसरल्यामुळे, आणि घसरते ती बहुधा तिला दाबून धरणारा ऑइलचा दाब कमी पडल्यामुळे. तो दाब कुठे गेला, हे कळल्याशिवाय नव्या प्लेटा घालण्यात अर्थ नाही.

हा शोध गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधीच सुरू होतो. आत दोन क्लच, दोन बँड आणि एकाच दिशेने फिरू देणारा एक रोलर क्लच, एवढीच पकडणारी मंडळी आहेत. पहिल्या गिअरला मागचा क्लच आणि रोलर क्लच. दुसऱ्याला मागचा क्लच आणि पुढचा, म्हणजे किकडाउन बँड. तिसऱ्याला दोन्ही क्लच. रिव्हर्सला पुढचा क्लच आणि मागचा बँड. एवढं पाठ असलं की गाडी चालवूनच दोष कुठे आहे ते बरंचसं ठरवता येतं. पुढचे सगळे गिअर घसरतात पण रिव्हर्स ठणठणीत आहे? मागचा क्लच. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात? पुढचा क्लच, कारण या दोघांत तोच सामाईक आहे. तिसरा नीट ओढतो आणि फक्त रिव्हर्स जातो, तर संशय मागच्या बँडवर. ‘डी’मध्ये पहिल्या गिअरला इंजिन नुसतंच रेस होतं, पण लिव्हर ‘१’वर आणला की गाडी उचलते, तर रोलर क्लच गेला; कारण ‘१’मध्ये मागचा बँडही लागतो आणि त्याचं काम उचलून धरतो. सगळेच गिअर घसरत असतील तर मात्र एखाद्या क्लचला दोष देऊ नये. आधी ऑइलची पातळी, मग फिल्टर, पंप आणि मुख्य दाब, या क्रमाने बघावं.

लक्षणाची वेळही बोलते. सकाळी थंड गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि गरम झाल्यावर सगळं सुरळीत, असं असेल तर पिस्टनची रबरी सीलं कडक झालेली असण्याची शक्यता मोठी. थंडपणी त्यांची कड ड्रमला चिकटत नाही आणि ऑइल बाजूने निसटतं. नवं सील बसवताना ही कड दाबाच्या बाजूला तोंड करून हवी, आणि ड्रममध्ये उतरताना ती जराही दुमडता कामा नये. सुटे भाग जागच्या जागी धरायला व्हॅसलीन वापरावं, साधं ग्रीस नाही. ग्रीस ऑइलमध्ये विरघळत नाही आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटा तुंबवतं.

बांधणीतली सगळ्यात मोलाची पायरी हवेच्या परीक्षेची आहे, आणि घरी नेमकी तीच गाळली जाते. व्हॉल्व्ह बॉडी बसवण्यापूर्वी आवरणातली ऑइलची भोकं उघडी असतात. कंप्रेसरची कोरडी, स्वच्छ हवा एकेका भोकात सोडायची आणि बोटं त्या क्लचच्या ड्रमवर ठेवायची. पिस्टन सरकला की दबका ‘थड’ असा आवाज येतो आणि बोटांना धक्का कळतो. बँडच्या बाबतीत तर तो आवळताना डोळ्यांनीच दिसतो. नुसतीच हवा फुसफुसत राहिली, तर सील कापलं किंवा उलटलं आहे. इथे पुन्हा उघडण्याची मेहनत तासाभराची असते, गाडीखाली बसवल्यावर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जळका कचरा टॉर्क कन्व्हर्टरमध्येही साठतो. तो वेल्डिंगने बंद असल्यामुळे घरी साफ होत नाही, बदललेलाच बरा. कूलरच्या नळ्याही धुऊन घ्याव्यात. नवा कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसेपर्यंत फिरवत आत ढकलावा. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर पंप फुटतो.

एक कारण मात्र गिअरबॉक्सच्या बाहेरच असतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नवे क्लच तेच खातं. कार्ब्युरेटरपासून येणारी थ्रॉटल रॉड गिअर कधी बदलायचा एवढंच सांगत नाही. इंजिनचा जोर वाढेल तसा दाबही तीच वाढवते. कार्ब्युरेटर बदलताना ही रॉड सोडून दिली किंवा ढिली बसली, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही दाब कमीच राहतो. गिअर भराभर पडतात, चालवणाऱ्याला गाडी मऊ वाटते आणि प्लेटा आतल्या आत भाजत असतात. म्हणून इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर पूर्ण मागे जातो का, ते गाडीखाली बसलेल्या दुसऱ्या माणसाने बघावं. हे जुळल्यावरच ऑइल भरून इंजिन सुरू करायचं. पातळी न्यूट्रलमध्ये बघायची, पार्कमध्ये नाही, कारण या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे ऑइल जात नाही.