पक्का

मडकं घेताना बाई ते एका हातावर तोलून धरते आणि बोटाच्या पेरानं ठोकते. खणखणीत वाजलं तर पक्कं. बद्द आवाज आला तर आच पोचलेली नाही, नाहीतर कुठंतरी बारीक चीर आहे. ‘पक्का’ हे विशेषण मला आधी या आवाजात ऐकू येतं.

त्याचं मूळ ‘पच्’ या संस्कृत धातूत: शिजवणं, भाजणं. त्यातून पक्व, प्राकृतात पक्क आणि पिक्क. एकातून पक्का आला, दुसऱ्यातून पिकणं. शिवारातलं पीक आणि आव्यातलं मडकं अशी एकाच घरची लेकरं. कुंभाराचा ‘आवा’देखील ‘आपाक’वरून आलेला, म्हणजे त्याच कुळातला.

हा शब्द हिंदुस्तानीतून इंग्रजीत गेला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात कच्चा-पक्क्याच्या जोड्याच लावल्या आहेत. उन्हात वाळवलेली वीट कच्ची, भट्टीत भाजलेली पक्की. घर, रस्ता, नेमणूक, हिशेब यांच्याही जोड्या तिथं आहेत. तिथवर शब्दाला विस्तवाची ऊब होती. पुढं तो माणसाला चिकटला आणि ‘पक्का साहेब’ झाला. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘बर्मीज डेज’ (1934) या कादंबरीत हा पक्केपणा म्हणजे गोऱ्यांच्या क्लबाची शिस्त. आपल्या माणसाची चूक झाकायची आणि नेटिवाला अंतरावर ठेवायचं. तो जन्मानं आणि कातडीनं मिळतो. त्याला कुणी ठोकून पाहत नाही.

माणसाला हे विशेषण लावायची आमची रीत वेगळी, आणि ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची आहे. तेरणेकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. इथले गोरोबाकाका कुंभार. कथा अशी, की संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? मडकी पारखायला, काका म्हणाले. मग आम्हालाही पारखा ना! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव गप्प बसून राहिले. नामदेव मात्र चिडले. विठ्ठलाशी रोज बोलणारे नामदेव! काकांनी निवाडा दिला: हे मडकं कच्चं.

नामदेव रुसून पंढरीला गेले, आणि देवानंच त्यांना औंढ्या नागनाथला, पक्कं व्हायला विसोबा खेचरांकडे धाडलं.